रिबिटं खोल होती

२०२२ साल. मला बहात्तरावं चालू होतं आणि कोल्हापुरात क्लच प्लेटवर माझ्या शब्दापुढं दुसऱ्याचा शब्द चालत नव्हता. ही बढाई नव्हे. बढाई मारायची असती तर हे लिहायला बसलोच नसतो.

माझं शिक्षण तिसरी. चौथीत मास्तरांनी छडी मारली, ती मी हिसकून मोडली आणि घरी आलो. परत शाळेचं तोंड बघितलं नाही. तेव्हापासून हातात लोखंड. पुढं उद्यमनगरात स्वतःचं दुकान टाकलं, दहा बाय बाराचं, आणि त्यात घासलेल्या क्लच प्लेटांना नवं लायनर ठोकत पन्नास वर्षं काढली. ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. त्या दोघांची गाठ घालणारी ताटलीएवढी चकती म्हणजे क्लच प्लेट. तिला दोन्ही अंगांनी खरखरीत अस्तर असतं, ते लायनर. ते पितळी रिबिटांनी, म्हणजे बुटक्या खिळ्यांनी, ठोकलेलं असतं. पाय दाबला की गाठ सुटते, सोडला की बसते. अर्धा दाबून ठेवला की ना सुटते ना बसते, नुसती घासत राहते. गाडी चालवणाऱ्याच्या सगळ्या खोडी त्या अर्ध्या पायात असतात.

पायताण बघून माणूस पाय कसा टाकतो ते चांभाराला कळतं. तसं मला प्लेट बघून ड्रायव्हर कळायचा. सिग्नलला गियरात थांबणारा, चढाला ब्रेकऐवजी क्लचवर गाडी धरणारा, बोलता बोलता पाय पेडलवर विसरणारा. प्रत्येकाची घासणी निराळी. म्हणून मालक आणि ड्रायव्हरचं भांडण लागलं की दोघंही म्हणायचे, चला मिस्त्रीकडं. त्यात माझी एक पद्धत होती. गाडी कुणाची ते विचारायचं नाही. कुणी सांगायला लागला तरी गप्प करायचं. मालकाचं नाव नको, ड्रायव्हरचं नको, गाडीचंही नको, नुसती प्लेट हातात द्या. नाव कळलं की डोळा बिघडतो. आणि एकदा बोललो ते बोललो. पन्नास वर्षांत शब्द मागं घेतला नाही. या पद्धतीचा मला फार अभिमान होता. माझ्या लग्नाच्या बायकोला विचारा, किती होता ते.

आता भाईचं सांगतो. सगळे त्याला भाईच म्हणायचे. राहायला मंगळवार पेठेत, माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी लहान, धंद्यानं ड्रायव्हर. एका फौंड्रीच्या मालकाकडं बावीस वर्षं होता. जीप, मग मोठ्या मालकांची मोटार, सगळ्यांच्या प्लेटा माझ्याकडंच यायच्या, पण इतक्या उशिरा यायच्या की मी म्हणायचो, "भाई, तुझ्यासारखी चार माणसं झाली तर मी उपाशी मरीन." तो हसायचा. दर आठ-पंधरा दिवसांनी काम असो-नसो यायचा, स्टुलावर बसायचा आणि पडलेल्या प्लेटा हातात घेऊन विचारायचा, "ही काय म्हणतीया?" मी सांगायचो. असं करत करत त्यालाही वाचता यायला लागली होती. हे मी त्या वेळी कधी कबूल केलं नसतं.

करोना सरला त्या साली धाकट्या मालकांनी, म्हणजे मालकांच्या पोरानं, परदेशी स्पोर्ट कार आणली. हळदीसारखी पिवळी, दोन माणसांची, आणि इतकी बसकी की गल्लीतलं कुत्रं तिच्या टपाला नाक लावायचं. धाकटे मालक ती रविवारी पहाटे हायवेला उडवायचे. इंजिन बोंबलवायचं आणि पाय एकदम सोडायचा, टायरचा धूर काढायला. त्यात टायर झिजतं, लायनर नव्हे. बाकी वेळी, म्हणजे गावात न्यायची, धुवायची, सर्व्हिसिंगला पुण्याला न्यायची, तेव्हा भाई. भाई एकदा ती घेऊन माझ्या दुकानापुढं आला. अख्खी लाईन काम टाकून बघायला उभी राहिली.

"बस की मिस्त्री."

"कुठं बसू? जमिनीला टेकलीया ही."

"आधी बूड घाल, मग पाय. हौदात उतरल्यागत."

कागलच्या बाजूला हायवेला जाऊन आलो. मी रस्ता बघत नव्हतो, भाईचा डावा पाय बघत होतो. पाय दाबायचा, गियर पडायचा, पाय पूर्ण सुटायचा आणि बाजूच्या पट्टीवर जाऊन बसायचा. परत गरज पडेपर्यंत पेडलला चिकटायचा नाही. चढाला गाडी थांबली तर हँडब्रेक. सिग्नलला न्यूट्रल. साठीतला माणूस, गुडघा दुखतो म्हणायचा, पण पाय घड्याळासारखा.

"हिचा क्लच कसा हाय?" मी विचारलं.

"नाजूक न्हाय. हट्टी हाय," भाई म्हणाला. "पळताना शंभर घोड्याची वढ सहन करंल. पण हिला चालता येत न्हाय बघ. आपल्या जीपचा पयला गियर माणसाच्या चालीनं जातो. हिचा पयलाच एवढा लांब हाय की माणूस पळाय लागला तर कुठं पाय पुरता सुटतो. त्याच्या खाली सगळा अर्धा क्लच."

"मग गर्दीत काय करतोस?"

"गर्दीत नेतच न्हाय. लांब लावतो, मालकास्नी म्हणतो चालत या." आणि हसला. "ऐकत्यात असं न्हाय."

हे मला माहीत होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं, डोळ्यांनी बघितलं होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा.

मे महिना संपत आला होता. दुपारचे चार, पत्रा तापलेला. दुकानात शेजारचा लेथवाला आणि दोन ट्रॅक्टरवाले पाहुणे चहा पीत बसले होते. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस आला. मी त्याला आधी कधी बघितलं नव्हतं. हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी.

"मिस्त्री तुमीच न्हवं?"

"पाटी वाचता येती न्हवं? मग?"

पाहुणे हसले. तो जरा वरमला. "एक प्लेट दाखवायची होती. गाडी हाय आमची—"

"गाडीचं नाव काढायचं न्हाय. मालकाचं बी न्हाय. प्लेट द्या."

"बघा आता पावणं," लेथवाला म्हणाला, "पत्रिका मांडल्यागत सांगत्यात."

मी पेपर सोडला. लहान, हलकी, परदेशी घडणीची प्लेट. तसल्या बसक्या गाड्या कोल्हापुरात आता बऱ्याच झाल्यात, हौसेला इथं तोटा नाही. एखाद्या तालेवाराच्या पोराची असणार, एवढंच मनात आलं. नाकाला लावली. जळका वास. वरून अंगठा फिरवला. लायनर काळं ठिक्कर, काचेसारखं गुळगुळीत. चौघं माझ्या तोंडाकडं बघत होते. मला कुणी तोंडाकडं बघत बसलं की राहवत नाही.

"ह्याचा पाय क्लचवरनं उठत न्हाय," मी म्हणालो. "उंबऱ्यावर चप्पल काढून ठेवल्यागत ठेवलाय."

हसले सगळे.

"ह्या गड्याला बैलगाडी द्या. तीत क्लच नसतोय."

ट्रॅक्टरवाल्याच्या नाकातनं चहा आला. लेथवाल्यानं मांडीवर थाप मारली. मलाही बरं वाटलं. आणि मग, फक्त हात रिकामा होता म्हणून, मी प्लेट कडेनं धरली आणि रिबिटाच्या भोकात नख घातलं.

नख आत गेलं.

जो माणूस रोज पाय ठेवतो त्याच्या प्लेटचं लायनर हळूहळू झिजत जातं, रिबिटांची डोकी वर येतात, नखाला लागतात. इथं रिबिटं खोल होती. लायनर जाड होतं, जवळजवळ नवं. वरचा थर तेवढा जळून तडकला होता आणि मधल्या लोखंडावर निळे डाग पडले होते. निळं लोखंड म्हणजे एका बैठकीची आग. ही प्लेट सवयीनं मेली नव्हती. ही एका दिवसात मारलेली होती. त्या दिवसाच्या आधी ती ज्याच्या पायाखाली होती, त्यानं तिला फुलासारखं वापरलं होतं.

हे सगळं मला कळायला चहाचा एक घोट घ्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

इस्त्रीवाला म्हणाला, "म्हंजे सवय म्हणायची? एकदाच काय घडलं असंल, असं न्हवं?"

नेमकं तेच विचारलं त्यानं. माझं नख अजून भोकात होतं. लेथवाला अजून हसत होता, "बैलगाडी, आयला," म्हणत डोळे पुसत होता. मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं की थांबा पाव्हणं, मी घाई केली.

"सवय," मी म्हणालो.

त्यानं प्लेट परत गुंडाळली, नमस्कार केला आणि गेला. त्याच्या वरच्या खिशात मोबाईल उभा होता आणि तो सगळं बोलणं घेत होता, हे नंतर कळलं. संध्याकाळी मी भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं आणि झोपलो. झोप लागली. हेही लिहितो, कारण लागली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाई आला. चालत आला. बावीस वर्षांत तो माझ्या दुकानात कधी चालत आला नव्हता.

"गाडी कुठं लावलीस?"

"गाडी न्हाय. काढलं मला."

तो स्टुलावर बसला आणि सांगायला लागला. धाकट्या मालकांच्या मावसभावाचं लग्न होतं. नवरीकडचे जयसिंगपूरचे, मोठं खटलं. दोन वर्षं लोकांनी तोंडाला फडकी बांधून अंगणात लग्नं उरकली होती, त्यामुळं त्या साली सगळ्यांनाच चेव आला होता. देवळापासून कार्यालयापर्यंत नवरा वाजत न्यायचा ठरलं. घोडा नको, जीप नको, पिवळी गाडी पाहिजे. नवरा डाव्या सीटवर, भाई चालवायला. पुढं ढोलताशा, त्याच्या पुढं नाचणारी पोरं. वाट सगळी चढाची.

"मी दोनदा सांगितलं धाकट्या मालकास्नी, हिला मुंगीच्या चालीनं नेता येत न्हाय, क्लच जळंल. म्हणालं, जळू दे की, नवरा काय रोज बसतोय व्हय? आणि वर म्हणालं, थांबायचं न्हाय, आवाज काढत ऱ्हा. अडीच तास, मिस्त्री. चढावर. पोरं हलायची न्हाईत आनि मागनं लोकं म्हणायची घ्या पुढं. शेवटाला वास सुटला. नवरदेव फेट्याचा शेमला नाकाला लावून बसलं. कार्यालयाच्या कमानीत गाडी उभी ऱ्हायली ती ऱ्हायली."

गाडी पुण्याला गेली. तिथं नुसता क्लच जळाला म्हणून लिहून दिलं. कुणामुळं, हे सांगणं त्यांचं काम नव्हे. धाकटे मालक वडिलांना म्हणाले, वरातीचं निमित्त झालं, क्लच आधीच संपला होता, भाईचा पाय सारखा पेडलवर असतो. भाई म्हणाला, नाही, त्या एका दिवसात जळाला. मोठ्या मालकांना कुणाचं खरं मानावं कळेना. एकीकडं पोटचा पोरगा, दुसरीकडं बावीस वर्षांचा माणूस.

"मग मीच म्हणालो," भाई म्हणाला. "म्हणालो, मालक, प्लेट मिस्त्रीकडं धाडा. नाव सांगू नका. मिस्त्री सांगतील, सवय हाय का एका दिवसाचं काम हाय. ते म्हणतील ते मला कबूल."

माझ्या हातात पक्कड होती. ती मी खाली ठेवली नाही.

भाई थांबला. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबला होता.

"प्लेट बोलली ते मी सांगितलं," मी म्हणालो.

"काय बोलली?"

"घासलीया म्हणाली."

"घासलीया का जळालीया?"

"तुझा गुडघा दुखतोय म्हणत हुतास न्हवं थंडीत? पाय जड झाला असंल. वय झालं की माणसाला स्वतःचं कळत न्हाय."

हे मी बोललो. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान असलेल्या माणसाला बोललो.

तो स्टुलावरनं उठला. मग हळू आवाजात म्हणाला, "रिबिटं बघितलीस?"

"मला शिकवतोस व्हय?"

माठातलं पाणी त्यानं स्वतः घेतलं. सावकाश प्याला. ग्लास पालथा घातला. जाताना माणूस येतो म्हणतो. भाई म्हणाला, "जातो मिस्त्री."

तो गेल्यावर मी चार प्लेटा ठोकल्या. एकीचं रिबिट वाकडं बसलं, ते काढून परत ठोकलं.

खोटं बोलणं सोपं असतं असं लोक म्हणतात. सोपं ते पहिलं. दुसऱ्या वेळी, माणूस समोर बसलेला असताना, ते सोपं नव्हतं, आणि तरी मी बोललो. का बोललो? मी पुष्कळ विचार केला. भाईवर माझा राग नव्हता. फौंड्रीवाल्यांकडनं मला काही मिळायचं नव्हतं. तेव्हा लेथवाला दारात उभा होता, एवढंच. तो ऐकत होता. मी त्याच्यासमोर चुकायला तयार नव्हतो.

मग ते बोलणं गल्लीत फिरलं. इस्त्रीवाल्यानं मालकांना ऐकवलं, मालकांच्या कुणीतरी पुढं पाठवलं, आणि पंधरा दिवसांत उद्यमनगरातल्या प्रत्येक मोबाईलवर माझा आवाज होता. ह्या गड्याला बैलगाडी द्या. लोक मला बघून ओरडायचे, "मिस्त्री, बैलगाडी!" आणि मी हात वर करायचो. पहिल्या पहिल्यांदा तर हसायचोसुद्धा.

भाई टुरिस्ट गाड्यांच्या अड्ड्यावर गेला तर तिथं म्हणाले, क्लच जाळणारे भाई तुम्हीच न्हवं? शाळेच्या व्हॅनवाल्यानं नको म्हटलं. एका डॉक्टराच्या घरी चार दिवस कामाला राहिला, पाचव्या दिवशी डॉक्टराच्या मेव्हण्यानं ते बोलणं ऐकवलं. ड्रायव्हरला दारूडा म्हणा, एक वेळ खपतं, लोक म्हणतात दिवसा पीत नाही. पण हा गाडी खातो म्हटलं की संपलं. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्याची गाडी स्वतःच्या लेकीसारखी सांभाळली होती. त्याच्याकडं तेवढं एकच होतं.

बकरी ईदला दरवर्षी त्याच्या घरनं डबा यायचा. त्या वर्षी माझ्या बायकोनं संध्याकाळपर्यंत भाकरी थापली नाही. दिवेलागणीला उठली, तवा ठेवला.

"तुमी चुकला असाल तर सांगा की जाऊन," ती पाठ करूनच म्हणाली.

"मी चुकत न्हाय."

"मग चार दिस झालं जेवण का जात न्हाय?"

"उकडतंय."

"पाऊस पडालाय भाईर."

ती जास्त बोलणारी बाई नाही. पण दिवाळीनंतर ती स्वतः मंगळवार पेठेत जाऊन आली. घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, दोघं आजऱ्याला लेकीकडं गेलेत, जावई काजूच्या कारखान्यात आहे, त्यानं तिथंच भाईला लावलंय. आणि लायसनची मुदत संपली ती त्यानं वाढवून घेतली नाही. शेजारीण म्हणाली, आता गाडीला हात लावायचा न्हाय म्हणत्यात.

बायकोनं हे सांगितलं आणि पिशवी खुंटीला अडकवून आत गेली. मी ओट्यावर बसलो होतो. नोकरी गेली की दुसरी मिळते, आज ना उद्या गल्ली विसरेल, असं मी इतके महिने मनाशी म्हणत आलो होतो. लायसनचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं स्वतःच्या हातानं ते संपू दिलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात एसटीनं आजऱ्याला गेलो. बायकोला म्हणालो, काजू आणतो. ती म्हणाली, आणा.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. भाजल्याचा उग्र वास, डोळे चुरचुरतात. बायका ओळीनं काजू फोडायला बसलेल्या, आणि त्यांच्या ओळीच्या टोकाला भाई. काजू फोडायचं यंत्र पायाचं असतं. एका हातानं बी पात्यांमध्ये धरायचं, पायानं पेडल दाबायचं, कवच फुटतं. भाई डाव्या पायानं दाबत होता. पूर्ण दाबायचा, पूर्ण सोडायचा. टरफलाच्या तेलानं त्याची बोटं काळी पडली होती आणि कातडी सोलून निघाली होती.

त्यानं मला बघितलं. थांबला नाही.

"आलास?"

"आलो."

"बस. तिकडं बस, हितं कापडं खराब हुतील."

मी तिथंच पोत्यावर बसलो. काय बोलायचं ते एसटीत चार वेळा जुळवलं होतं. ते सगळं गेलं.

"रिबिटं खोल हुती," मी म्हणालो.

पाय थांबला.

"किती?"

"नख गेलं आत."

"पुरतं गेलं न्हवं?" तो म्हणाला. "पुण्याला प्लेट काढली तवा मी हुतो तिथं. मी बी घातलं हुतं नख."

"मग बोलला का न्हाईस? त्या दिवशी दुकानात माझ्या तोंडावर का न्हाई बोललास?"

"तू बोलशील म्हणून आलतो." त्यानं पुढचं बी उचललं, फोडलं, गर एका बाजूला, टरफल एका बाजूला. "पाणी पीपर्यंत थांबलोतो. लय सावकाश प्यालो बघ."

शेजारची बाई आमच्याकडं बघायला लागली होती. मी म्हणालो, "मी उद्या मोठ्या मालकांकडं जातो. सांगतो सगळं."

"नको."

"का नको?"

"मालकांनी दुसरा ठेवलाय. पोरगा हाय त्यो, बायकापोरं हाईत त्येला. त्येला काढायला लावतोस व्हय?" मग पाय परत चालू झाला. "आनि माझं नाव मालकांनी न्हाय घालवलं, मिस्त्री. मालकांनी नुस्तं काढलं. नाव गल्लीनं घालवलं. माझ्या नातवाला, पेठेतल्या थोरल्या लेकीच्या पोराला, पोरं बैलगाडी म्हणून हाका मारत्यात. आठ वर्साचं हाय ते. इचारत हुतं, आबा, तुमी काय केलासा?"

"काय सांगितलंस?"

"काय सांगू?"

"लायसन नवं कर. मी येतो संगं. फार्म मी भरून घेतो कुणाकडनं तरी."

त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. काळे, सोललेले. "हे कुणाच्या ष्टेरिंगला लावू?" म्हणाला. रागानं नव्हे. खरंच विचारल्यासारखं.

"मग मी काय करू भाई?"

"मला काय इचारतोस?" तो म्हणाला. "तुज्या तोंडातनं गेलंय."

त्याच्या लेकीनं घरनं चहा आणला. कप माझ्या हातात दिला नाही, पोत्यावर ठेवून गेली. मी तो प्यालो. भाई उठला नाही, एसटी स्टँडपर्यंत आला नाही. काजू आणायचे राहिले. घरी गेल्यावर बायकोनं विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. नऊ वाजता आधी शेजारच्या लेथवाल्याकडं गेलो आणि त्याला लेथ बंद करायला लावली.

"काय झालं आण्णा?"

"मे महिन्यात मी एक प्लेट बघितली हुती. तू हुतास. बैलगाडी म्हणालो हुतो."

"व्हय की!" तो हसायला लागला. "आयला, ती कोण इसरंल?"

"मी खोटं बोललो. ती एका दिवसात जळाल्याली हुती. भाईचा काय दोष नव्हता. रिबिटं खोल हुती, मी बघितली हुती."

तो हसायचा थांबला, पण तोंड तसंच उघडं राहिलं. "असू दे आण्णा, माणूस चुकतंय. वय झालंय आता तुमचं."

"चुकलो न्हाय," मी म्हणालो. "बघितलं आनि खोटं बोललो. वयाचं नाव काढू नको. नीट ऐकलंस का? काय म्हणालो सांग."

त्याच्याकडनं ते एकदा म्हणवून घेतलं. पुढच्या ग्यारेजात दोघं होते. एकानं मान हलवली, दुसऱ्यानं पहिल्याकडं बघून डोळा मारला. मिस्त्रीचं डोस्कं फिरलं, असं मी वळल्यावर म्हणाला, ते मला ऐकू आलं. तिसऱ्या ग्यारेजचा मालक एका जीपखाली उताणा पडला होता, नुसते पाय बाहेर. मी उकिडवा बसलो. माझे गुडघे आता वाकत नाहीत, जीपच्या मडगार्डाला धरून बसलो. त्या पायांना सगळं सांगितलं. खालून पाना पडल्याचा आवाज आला.

"कोण, मिस्त्री व्हय? काय म्हणालासा? हातोडी चालली हुती, ऐकू न्हाय आलं."

मी परत पहिल्यापासून सांगायला लागलो.